गोदूबाईंच्या पुढे कोण जाणार

भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून रिक्षा आत वळली की कापडाच्या लूमची खडखड हळूहळू मागे पडते आणि डाव्या हाताला 'जानकी हाइट्स' दिसते. सात मजल्यांची इमारत, फिकट पिवळा रंग, खाली दोन दुकानं आणि एक डेंटिस्ट. जानकी म्हणजे गोदूबाई तरे यांच्या सासूबाई. इमारत आज जिथे आहे तिथे पूर्वी भात व्हायचं आणि त्या भातावर जानकीबाईंची करडी नजर असायची. बिल्डरच्या मनात समुद्रावरचं एखादं इंग्रजी नाव होतं. गोदूबाईंनी त्याला विचारलं, "दर्या कुटं हाय हितं?" त्याने जरा इकडेतिकडे पाहिलं आणि नाव बदललं.

जमिनीच्या बदल्यात तरे भावकीला फ्लॅट मिळाले. कोणता मजला हवा हे विचारायला बिल्डर घरी आला, तेव्हा सगळ्यांनी पहिला, दुसरा, फार तर तिसरा मागितला. गावातली माणसं, जमिनीपासून फार उंच जाऊन झोपायची त्यांना सवय नव्हती. गोदूबाईंनी सातवा मागितला. मुलाने, केसरीनाथने, समजावून पाहिलं. त्यावर त्या म्हणाल्या, "ज्या जमिनीत मी जलमभर चिखल तुडवला, तिथं आता दुसऱ्याचे पाय माझ्या टालक्यावर कशाला?"

केसरीनाथने बिल्डरला सातवा सांगितला. शिवाय लिफ्ट होतीच.

गोदूबाईंचं माहेर दिघाशीचं. लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा भिवंडी म्हणजे त्यांच्या लेखी बाजार होता, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन जायचं आणि रिकामी पाटी घेऊन परतायचं ठिकाण. मग बाजारच चालत चालत त्यांच्या शेतापर्यंत आला. शेजारच्या वावरात लूम बसले. लूमवर काम करायला उत्तरेकडून माणसं आली, त्यांना राहायला खोल्या हव्या होत्या, गोदूबाईंनी गोठा मोडून खोल्या बांधल्या. त्या भाडेकरूंबरोबर त्या हिंदी शिकल्या. त्यांच्या हिंदीला व्याकरण नाही, पण समोरच्याला दुसऱ्यांदा विचारायची वेळ येत नाही.

आता पंचाहत्तरी उलटली आहे. गुडघे गेले आहेत. बाकी सगळं जागेवर आहे, विशेषतः जीभ. सकाळी चहा झाला की त्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात. समोर मानकोलीच्या बाजूला गोदामांची निळी पत्र्याची छपरं पसरलेली आहेत आणि त्यांच्या मधोमध, चुकून राहून गेल्यासारखं, एक भातशेत आहे. ते त्यांच्या पुतण्याचं, दामूचं. गोदूबाई सातव्या मजल्यावरून ते शेत राखतात.

"दामू, वरच्या अंगाचा बांध फुटलाय."

"काकी, मी शेतातच उभा हाय."

"मग तुना दिसत कसा न्हाय?"

दामू बांधाकडे जाऊन पाहतो. बांध फुटलेला असतो. फोन ठेवून तो जे बोलतो ते गोदूबाईंपर्यंत पोचत नाही, एवढं अंतर मधे आहे.

तर असं सगळं बरं चाललं होतं. मग श्रावणात पलीकडच्या गल्लीतल्या एका इमारतीत मीटरच्या खोलीने पेट घेतला. आग लहान होती, धूर मोठा. तो सरळ जिन्यात शिरला. माणसं वाचली, पण एका आजोबांना चादरीच्या झोळीत घालून उतरवावं लागलं आणि उतरवताना जिन्यातल्या सायकलींना, चपलांच्या रॅकना, एका जुन्या फ्रिजला वळसे घालावे लागले. आठवडाभर परिसरात दुसरा विषय नव्हता. प्रत्येक इमारतीने आपापल्या जिन्यात डोकावून पाहिलं आणि प्रत्येकाला तिथे एक जुना फ्रिज सापडला.

'जानकी हाइट्स'चा चेअरमन केसरीनाथ. त्याने मीटिंग बोलावली आणि पुढचं सगळं आपल्या सुनेवर सोपवलं.

सून म्हणजे मृणाली, गोदूबाईंची नातसून, भाविकची बायको. ती मानकोलीच्या एका लॉजिस्टिक पार्कमध्ये सेफ्टीच्या खात्यात आहे. आग लागली तर गोदामातली माणसं कोणत्या दाराने बाहेर काढायची, कुठे जमवायची, हे ठरवणं आणि महिन्याकाठी त्याचा सराव घेणं हे तिचं काम. लग्न करून आली तेव्हा शेजारच्या बायकांनी गोदूबाईंना विचारलं होतं, नातसून कशी आहे. गोदूबाई म्हणाल्या होत्या, "पोरगी गुनाची हाय. फकस्त गल्यात शिट्टी घालते."

मृणालीचा बेत साधा होता. जिना मोकळा करायचा. गच्चीचं दार आतून कुलूप न लावता नुसत्या कडीवर ठेवायचं. शिट्टी वाजली की गॅस बंद करून, लिफ्टला हात न लावता, जिन्याने उतरायचं आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटवर जमायचं. आधी खालचे मजले, मग वरचे. दसऱ्यानंतरच्या रविवारी सराव.

"कोणाला जिना उतरता येत नाही?" तिने मीटिंगमध्ये विचारलं.

सगळ्यांनी केसरीनाथकडे पाहिलं. केसरीनाथने छताकडे पाहिलं, कारण आई तिकडेच होती.

त्या रात्रीच्या जेवणात त्याने विषय काढला. पहिल्या मजल्यावरचा आपला फ्लॅट रिकामा आहे, भाडेकरू गेला आहे, तिथे आईने राहायला यावं. एक जिना, दहाबारा पायऱ्या, बाहेर.

गोदूबाईंनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "पयल्याच्या वर कोन ऱ्हातो?"

"आये, कुणीपण राहू दे..."

"कोन ऱ्हातो?"

"हिरामणकाका," भाविक म्हणाला.

हिरामण चौधरी म्हणजे शेजारच्या वावराचे मालक. दोन्ही शेतांच्या मधे एक बांध होता. चौधरींच्या नांगराला दर पावसाळ्यात उजवीकडे कलायची खोड होती आणि गोदूबाईंचं वावर उजवीकडे होतं. बांध असा वर्षाला बोटभर सरकत राहिला. पुढे दोन्ही शेतं बिल्डरकडे गेली, बांध काँक्रीटखाली गेला, हिरामण दुसऱ्या मजल्यावर राहायला आला. भांडण मात्र दोघांनी मोडू दिलं नाही. ते एकमेकांशी बोलतात, हळदीला जातात, मयताला जातात. पण गोदूबाईंना त्याच्या खाली राहायचं म्हणजे...

"आयुष्यभर त्याचा पाय माज्या हद्दीत. आता डोक्यावर? त्याची राहीबाई वर वरवंटा फिरवील आनि मी खाली डोकं धरून बसू?"

"मिक्सर आहे त्यांच्याकडे," मृणाली म्हणाली.

"मग मिक्सर फिरवील."

मृणालीने दुसरा मार्ग सांगितला. आजींनी राहावं सातव्यावरच, पण वेळ आलीच तर त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली आणावं. तशी खुर्ची तिच्या कंपनीत आहे. भाविक आहे, सहाव्यावरची दोन मुलं आहेत, आणखी एक कोणीतरी.

गोदूबाईंचा चेहरा पाहून भाविकने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"चौघं?" त्या म्हणाल्या. "चौघं उचलतील तवा मी बघायला नसंन. जित्तेपनी चौघांच्या हातावर चढायची हौस न्हाय मना."

"बरं, मग चार नको, पाच जण येतील," केसरीनाथने तोडगा काढला.

"पाचवा काय करंल?"

"नुसता बरोबर चालेल."

"म्हंजे मडकं धरनारा," गोदूबाई म्हणाल्या आणि तो विषय तिथे संपला.

भाविकने पाठीवर घेऊन उतरायची तयारी दाखवली. त्यालाही नकार. नातवाच्या पाठीवर बसायला हरकत नव्हती, पण तसं बसून दुसऱ्या मजल्यावरून, हिरामणच्या दारासमोरून जायला होती. शेवटी केसरीनाथ, जो आईपुढे सहसा चेअरमन होत नाही, चेअरमन झाला.

"आये, ऐक. रविवारी सराव हाय. तू तुझ्या पायांनी खाली आलीस तर राहा सातव्यावर, मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही आलीस तर दिवाळीच्या आत सामान पहिल्यावर."

"कोनाचा हात धरनार न्हाय मी," गोदूबाई म्हणाल्या.

"नको धरूस."

"तुजा सबुद?"

"शब्द."

दुसऱ्या दिवसापासून, पुरुषमाणसं कामावर गेली की, चौथ्या मजल्यावरच्या ठमाबाई सातव्यावर यायला लागल्या. ठमाबाई गोदूबाईंच्या मैत्रीण, वयाने थोड्या लहान, तंबाखूची मिश्री एकाच डबीतली. दोघी जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून त्याच्याकडे बघत. सरळ उतरायला गेलं की गोदूबाईंच्या गुडघ्यातून कळ यायची आणि दुसऱ्याच पायरीवर त्या भिंत धरायच्या. ठमाबाईंनी बसून, घसरत उतरण्याचा सल्ला दिला. गोदूबाईंनी त्यांना विचारलं की रविवारी सगळ्या बिल्डिंगीसमोर तूच तसं करून दाखवतेस का. ठमाबाई म्हणाल्या, "मना उतरता येतं बाय, मी कशाला?"

उपाय सापडला तो माळ्यावरून. जुन्या घरात भाताच्या माळ्यावर शिडीने चढायचं आणि उतरताना तोंड शिडीकडे, पाठ खाली, असं उतरायचं. गोदूबाईंनी जिन्याकडे पाठ केली, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि एक पाय मागे टाकला. कळ आली नाही. दुसरा टाकला.

"अगो, चाललीस की!" ठमाबाई ओरडल्या.

"हलू बोल. चेअरमनची बायको घरात हाय."

एक मजला उतरायचा, ठमाबाईंकडून पाणी घ्यायचं, लिफ्टने वर यायचं. मग दोन मजले. मग चार. शनिवारी त्या ठमाबाईंच्या दारापर्यंत उतरल्या, तिथे चहा प्यायल्या आणि हिरामणच्या मजल्यावरची शेवटची वळणं रविवारवर सोडली. ठमाबाईंनी हे कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. त्यामुळे शनिवारी संध्याकाळपर्यंत ते सातही मजल्यांना माहीत झालं.

रविवारी सकाळी मृणाली गेटजवळ उभी राहिली. केसरीनाथ प्लॉटवर. त्याने आदल्या दिवशी तिथे एक बॅनर लावून घेतला होता, त्यावर स्वतःचा फोटो आणि 'सुरक्षित बाहेर या' अशी विनंती. मृणालीने शिट्टी वाजवली. धोक्याची घंटा नवीन बसवलेली होती, तीही वाजली.

सातव्या मजल्यावर गोदूबाई जिन्याच्या तोंडाशी तयारच होत्या. नऊवारी खोचलेली, कठडा धरलेला. भाविक मदतीला पुढे आला तशी त्यांनी त्याला डोळ्यांनी मागे सारलं, पाठ फिरवली आणि उतरायला सुरुवात केली.

मृणालीच्या बेताप्रमाणे या वेळी खालचे मजले रिकामे होत असायला हवे होते. ते होत नव्हते. गोदूबाई उतरणार की नाही, हे बघायचं सोडून प्लॉटवर जाऊन उभं कोण राहणार? माणसं गॅस बंद करून, दाराला कुलूप लावून, आपापल्या दारासमोर थांबली होती. काहींनी नीट कपडे केले होते. सहाव्यावरच्या कुटुंबाने गोदूबाईंना वाट दिली आणि त्यांच्या मागे चालू लागलं. पाचव्यावर वैशाली होती, सातवा महिना लागलेला, नवरा ड्युटीवर. तीही मागे लागली. चौथ्यावर ठमाबाई पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या.

उलटं उतरणाऱ्या माणसाला पायऱ्या दिसत नाहीत, पण मागून येणारे सगळे दिसतात. गोदूबाईंना आधी पाय दिसले. मग पोटं. मग चेहरे. प्रत्येक वळणावर चेहरे वाढत होते आणि सगळे खुशीत होते.

"शाब्बास आजी!"

"सावकाश हां आजी, डावीकडे कठडा तुटकाय."

"मना म्हाईत हाय. गप ऱ्हा."

मग त्यांना वैशाली दिसली. कपाळ घामाने भिजलेलं, एक हात कमरेवर.

"गो वैशाली, तू व्हय फुडं. माज्या बाजूनं जा."

"नको आजी. तुमच्यापुढे कशी जाऊ?"

"अगो, जा म्हनते ना!"

"असू द्या आजी. तुम्ही व्हा."

खालून मृणालीचा आवाज येत होता. "थांबू नका! ज्यांना येता येतंय त्यांनी पुढे या! जिना अडवू नका!" तिच्या कंपनीत या आवाजाने गोदामं रिकामी होतात. इथे वरून कोणीतरी तिला ओरडून सांगितलं, "वहिनी, आजी येतायत!" जणू तेवढ्याने खुलासा झाला.

तिसऱ्या मजल्यावर अन्सारीभाई होते. लूमचे मालक, पूर्वी गोदूबाईंच्या खोलीत भाड्याने राहिलेले. अख्खं कुटुंब दाराशी उभं होतं, धाकट्या मुलीच्या हातात पंखा होता. ती गोदूबाईंना वारा घालू लागली.

"भाई, तुम फुडे जाव! सब को लेके जाव!"

"अम्मा, आप आराम से चलिए. हम पीछे हैं."

"आराम से क्या? आग लगी हाय!"

अन्सारीभाई दचकले. "कहाँ, अम्मा?"

"डिरिल में!"

"अच्छा, अच्छा," ते म्हणाले आणि निवांत मागे लागले.

दुसऱ्या मजल्यावर हिरामण चौधरी पांढरा शर्ट, पांढरी टोपी घालून दारात उभे होते. शेजारी खुर्ची मांडलेली. राहीबाईंच्या हातात लिंबूपाण्याचा पेला.

"वहिनी, बसा घडीभर. घाई कसली?"

"हिरामण, फुडं हो. आधी दुसरा मजला, मंग सातवा. असं ठरलाय."

"तुमच्या पुढे?" हिरामणनी कानाला हात लावला. "आजवर कधी गेलो का?"

"बांधावरून गेलास की!"

जिना हसला. हसणं सातव्या मजल्यापर्यंत गेलं आणि परत आलं. हिरामणही हसले.

"तो नांगर गेला, वहिनी. मी मागंच होतो."

आयुष्यात बोटभर जमीन न सोडलेला माणूस दोन हात मागे सरून वाट देत उभा होता. गोदूबाईंनी वर पाहिलं. जिना माणसांनी भरला होता. एका बापाच्या खांद्यावर पोर, कोणाच्या तोंडात वडापाव, मागचे पुढच्यांना विचारत होते आता कुठपर्यंत आल्या. वैशाली पायरीवर बसली होती आणि ठमाबाई आपली पाण्याची बाटली तिला देत होत्या.

धूर वर चढतो, हे जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईला कोणी शिकवायला नको होतं. पहिल्या मजल्याची माणसंही बघायला वर चढून आली होती. गोदूबाईंच्या खाली जिना रिकामा होता, अगदी गेटपर्यंत. अख्खी बिल्डिंग त्यांच्या वर उभी होती.

त्यांनी लिंबूपाणी घेतलं नाही. बाकीच्या पायऱ्या त्या शक्य तितक्या भराभर उतरल्या. तरी ते भराभर नव्हतंच.

प्लॉटवर टाळ्या झाल्या. केसरीनाथ पुढे आला, त्याला आईचा अभिमान वाटत होता आणि पैज हरल्याचं वाईट वाटत होतं, आणि दोन्ही लपवता येत नव्हतं. मृणालीने हातातल्या फोनवर किती वेळ लागला ते पाहिलं आणि फोन खिशात ठेवला.

"जितले ना मी?" गोदूबाईंनी तिला विचारलं.

"जिंकलात, आजी."

"मंग तोंड का पाडलंस?"

मृणालीने इकडेतिकडे पाहिलं. कोणी ऐकत नाही अशी खात्री करून ती हळू म्हणाली, "आग खरी असती, तर तुम्ही एकट्याच जिंकला असता."

जिन्यातून माणसं अजून एकेक करून बाहेर येत होती, गोदूबाई वळून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी केसरीनाथला सगळ्या मजल्यांना निरोप द्यायला लावला. पुढच्या खेपेला गोदूबाई जिन्यात असल्या तर त्यांना ओलांडून पुढे जायचं, त्यांना वाईट वाटणार नाही, त्यांचीच तशी आज्ञा आहे. प्रत्येक घरातून उत्तर आलं, हो, नक्की, आजी म्हणतील तसं. गोदूबाईंनी लोकांना भात कापायला लावण्यात आयुष्य घालवलं होतं. इतक्या पटकन आलेला होकार त्यांना खरा वाटेना.

म्हणून सोमवारी सकाळी, ऐन शिफ्टच्या वेळी, त्यांनी वॉचमनला फोन करून थोडा वेळ लिफ्ट बंद ठेवायला सांगितली आणि पाठ फिरवून जिना उतरायला लागल्या. सहाव्यावरचा मुलगा बॅग घेऊन धावत आला, त्यांना पाहून थांबला. त्याच्या मागे एक मास्तरीण. मग अन्सारीभाईंचा फोरमन, जो वरच्या कोणाकडे तरी आला होता आणि ज्याचे लूम त्याची वाट बघत होते.

"जा रे फुडं," गोदूबाई म्हणाल्या. "काल सांगितलाय ना?"

"हो आजी," तो मुलगा म्हणाला आणि तिथेच उभा राहिला.

"तुला उशीर होतोय ना?"

"झालाय आजी."

"मंग जा!"

त्याने एक पाऊल पुढे टाकलं. गोदूबाईंच्या बरोबरीला आला. त्यांच्या डोळ्यांना डोळा भिडला, तसा त्याने खाली वाकून त्यांच्या पाया पडून घेतलं आणि पुन्हा वरच्या पायरीवर गेला. फोरमनने घड्याळ पाहिलं, सुस्कारा टाकला आणि भिंतीला टेकला.

गोदूबाई तिथेच पायरीवर बसल्या. त्यांनी वॉचमनला लिफ्ट चालू करायला सांगितली.

दुपारी केसरीनाथ जेवायला आला तेव्हा बाल्कनीतली खुर्ची आत आणलेली होती.

"पयल्या मजल्याला रंग कवा लावशील?" त्यांनी विचारलं.

"कशाला? तू जिंकलीस ना. मी शब्द दिलाय."

"तुजा सबुद तुज्याजवल ठेव. ही मानसं बोलून सुधारनारी न्हाईत. माज्या म्होरं कोन जात न्हाय. मंग माज्या म्होरं कोन नसलंच पायजे. पयल्यावरून मी निघाले का निघाले, मंग मागं येऊ द्या सगल्यांना."

"आये, पण हिरामणकाका वर..."

"तो वर ऱ्हाईल तर ऱ्हाईल. माज्या मागं तर येईल ना?"

मृणालीची त्या दिवशी सुट्टी होती, ती स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. ती पुढे येऊन काही बोलायला गेली, तसं गोदूबाईंनी तिला हातानेच थांबवलं. "रडायचा न्हाय हां. शिट्टी वाजवनारीनं रडू नये." मृणाली रडत नव्हती. तिला फक्त विचारायचं होतं की सामान कोणत्या दिवशी हलवायचं.

दिवाळीच्या आधी गोदूबाई खाली आल्या. वरच्या बाल्कनीतून शेत दिसायचं, खालच्या खिडकीतून स्कूटर दिसतात आणि डेंटिस्टकडे आलेली सुजलेली तोंडं. हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही. दामूला मात्र त्यांनी फोन करून सांगितलं की आता त्याचं त्याने बघावं. दामूने पाच मिनिटं आनंद केला. दुसऱ्या दिवशी भाताच्या लोंब्या पिवळ्या पडल्या की नाही हे विचारायला त्याला कोणाचा फोन आला नाही, आणि संध्याकाळी त्याने स्वतःच केला. हिरामणच्या घरात राहीबाईंनी सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. का, ते कोणी विचारलं नाही.

मार्गशीर्षात दुसरा सराव झाला. शिट्टी वाजली. गोदूबाई पाठ फिरवून, कठडा धरून, आपल्या गतीने त्या थोड्या पायऱ्या उतरल्या. बाकीचे मजले नुकते कुलपं लावत होते, तोवर त्या प्लॉटवर खुर्चीत बसल्या होत्या. मग जिन्यातून माणसं नुसती ओतली गेली. अन्सारीभाई, ठमाबाई, सहाव्यावरचा मुलगा. वैशाली बाळंतपणाला माहेरी गेली होती. हिरामण टोपी सावरत आले. मृणालीने फोन पाहिला आणि या वेळी तो खिशात न ठेवता सासऱ्याला दाखवला. केसरीनाथने बॅनरखाली उभं राहून त्या फोनसकट आपला फोटो काढून घेतला.

"झालं," मृणाली मोठ्याने म्हणाली. "सगळ्यांचे आभार. आता आपापल्या घरी जाऊ शकता."

कोणी हललं नाही.

गोदूबाईंना खूप दिवसांनी एवढी माणसं एका जागी भेटली होती. त्यांनी हिरामणला जवळ बोलावलं होतं आणि काठीने मातीत रेघ ओढून बांध नेमका कुठून गेला होता ते त्याला दाखवत होत्या. हिरामणही वाकून, बोटाने, आपली रेघ ओढत होते. दोन रेघांत चांगलंच अंतर होतं. रविवार होता, घरोघरी मटण अर्धं शिजून गॅस बंद केलेला होता. माणसं उन्हात उभी राहून एकदा गोदूबाईंकडे आणि एकदा आपापल्या खिडकीकडे बघत होती.

मृणालीच्या बेतात बाहेर कसं यायचं याचा एकेक टप्पा होता. परत कसं जायचं, हे तिच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. ती आजेसासूजवळ गेली.

"आजी, आत चला ना. तुमच्या आधी कोणी जात नाहीये."

"जातील गं," गोदूबाई रेघेवरून नजर न काढता म्हणाल्या. "आग काय लागली न्हाय. हिरामण, तू हितं खोटं बोलतोस. जांभूल हितं होतं."

"जांभूळ तिकडे होतं, वहिनी," हिरामण म्हणाले आणि मांडी घालून जमिनीवर बसले.